दीड फुटाचे शब्द : एका इंग्रजी शब्दार्थ-पुस्तिकेचा आठ महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात, ग्रामपंचायतीने दिलेल्या एका खोलीत, आम्ही गावकरी मिळून एक लहान वाचनालय चालवतो. सकाळी तेथे वर्तमानपत्र वाचायला वडीलधारी मंडळी येऊन बसतात आणि संध्याकाळी पाचनंतर तीच खोली स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची अभ्यासिका होते. मी प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो असल्याने इंग्रजीच्या शंका माझ्याकडे येतात. तलाठी भरतीच्या २०० गुणांच्या परीक्षेत इंग्रजीचे २५ प्रश्न म्हणजे ५० गुण असतात, आणि आमच्या मुलांची गाडी नेमकी तेथेच अडते. राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले खरे, परंतु मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला दहा-बारा अक्षरांपुढचा इंग्रजी शब्द दिसला की तो वाचण्याआधीच त्याचा धीर सुटतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. म्हणून गेल्या वर्षी यवतमाळच्या बसस्थानकाजवळील एका पुस्तकाच्या दुकानात मोठे इंग्रजी शब्द, वाक्प्रयोग आणि त्यांचे मराठी अर्थ देणारी एक पुस्तिका दिसली, तेव्हा मी वाचनालयासाठी तिच्या चार प्रती घेतल्या.

पुस्तिका १७६ पानांची, खिशात मावणारी, १२० रुपयांची आहे. प्रकाशकाचे नाव मी येथे देत नाही, कारण याच धर्तीच्या पुस्तिका अनेक निघतात आणि जे गुणदोष मला हिच्यात आढळले ते त्या इतरांतही तपासून पाहण्यासारखे आहेत. कागद पातळ असला तरी छपाई स्वच्छ आहे. बांधणी मात्र कच्ची आहे. चारांपैकी दोन प्रतींची पाने दिवाळीच्या आतच सुटली आणि मला ती सुई-दोऱ्याने शिवावी लागली. आत तीन भाग आहेत. पहिल्या भागात बारा अक्षरांपासून पंचेचाळीस अक्षरांपर्यंतचे शब्द लांबीच्या चढत्या क्रमाने दिले आहेत, दुसऱ्यात इंग्रजी आणि लॅटिन वाक्प्रयोग आहेत आणि तिसऱ्यात, अगदी शेवटच्या अकरा पानांत, शब्द ज्या तुकड्यांपासून बनतात त्या तुकड्यांचे अर्थ आहेत. आठ महिने ही पुस्तिका रोज हाताळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की तिचे खरे मोल त्या अकरा पानांत आहे आणि उरलेली पाने हाती पेन्सिल घेऊनच वाचावीत.

पहिल्या भागाचा मुकुटमणी म्हणून पंचेचाळीस अक्षरांचा जो शब्द दिला आहे तो म्हणजे न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. त्याखाली अर्थ दिला आहे, 'फुप्फुसाचा एक गंभीर आजार', आणि पुढे असे विधान केले आहे की इंग्लंडमधील डॉक्टर हा शब्द नेहमी वापरतात. हे विधान चुकीचे आहे. हा शब्द रुग्णालयात जन्मलेला नाही. अमेरिकेतील शब्दकोड्यांच्या शौकिनांची एक राष्ट्रीय संघटना आहे. तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली न्यूयॉर्क येथील सभेत सर्वांत लांब शब्द म्हणून तो मुद्दाम जुळवला आणि तेथून तो शब्दकोशांत शिरला. डॉक्टर अशा आजाराला सिलिकोसिस एवढेच म्हणतात. दगडाची, गारगोटीची अतिशय बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसे घट्ट होत जातात, तो हा आजार. खडी केंद्रावर किंवा दगडाच्या खाणीवर मजुरीला जाणारी माणसे आमच्या भागातही आहेत, आणि त्यांच्या मुलांना हा शब्द कोड्यातला म्हणून नव्हे तर घरातल्या खोकल्याशी जोडून समजावा असे मला वाटते. तो सोडवायला कठीणही नाही. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रामायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकालाही न सापडण्याइतके बारीक, सिलिको म्हणजे गारेचे द्रव्य, व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी, कोनि म्हणजे धूळ आणि ओसिस म्हणजे विकाराची अवस्था. एवढे सांगितल्यावर नववीतल्या एका मुलीने तो शब्द फळ्यावर न चुकता लिहिला. पुस्तिकेने ही फोड दिली असती तर अर्धेच पान जास्त लागले असते.

मराठीच्या तासाला आपण मुलांना समास शिकवतो तेव्हा नुसता सामासिक शब्द पाठ करून घेत नाही. त्याचा विग्रह करून घेतो. नीलकंठ म्हणजे ज्याचा कंठ निळा आहे असा तो, हे ज्याला समजले त्याला पीतांबर शिकवावा लागत नाही. लांब इंग्रजी शब्दांचेही तसेच आहे, आणि पहिल्या भागाचा सर्वांत मोठा दोष हा की त्यात विग्रह नाही. अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम या अठ्ठावीस अक्षरी शब्दाचा अर्थ 'धर्मविरोधी चळवळीला विरोध' असा छापला आहे, तो या घाईतूनच आला असावा. एस्टॅब्लिश म्हणजे स्थापन करणे; येथे त्याचा रोख इंग्लंडच्या चर्चला राज्याने दिलेल्या अधिकृत स्थानावर आहे. डिस लावला की ते स्थान काढून घेणे झाले, अँटि लावला की काढून घेण्याला विरोध झाला, आणि इझम म्हणजे तशी विचारसरणी. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हा वाद खरोखरच पेटला होता. आयर्लंडमधील चर्चचे राजमान्य स्थान १८६९ च्या कायद्याने काढून घेण्यात आले आणि त्याची अंमलबजावणी १८७१ मध्ये झाली. हा संदर्भ कळला की शब्दाची लांबी सार्थ वाटू लागते, कारण प्रत्येक तुकड्यामागे त्या वादातला एक पक्ष उभा आहे. धर्मविरोधाचा त्यात काहीही संबंध नाही.

याच भागात एक शब्द असा आहे की ज्याच्यामुळे आमच्या अभ्यासिकेतील एक संध्याकाळ माझ्या कायमची लक्षात राहिली. तो शब्द एकोणतीस अक्षरांचा : फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. पुस्तिकेत अर्थ आहे 'निरर्थकतेचे मूल्यांकन करण्याची क्रिया'. हे मराठी वाचून कोणाच्याही डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. खरे तर हा शब्द लॅटिनच्या शाळकरी व्याकरणातून आला आहे. त्या व्याकरणात 'काडीचीही किंमत न देणे' या अर्थाचे चार शब्द ओळीने पाठ करवीत असत : फ्लॉकी, नॉकी, निहिली, पिली. ते चारही एकापुढे एक ओवून कोणीतरी हा शब्द केला. विल्यम शेनस्टन या इंग्रज कवीच्या १७४१ च्या पत्रात तो पहिल्यांदा सापडतो. निहिल म्हणजे शून्य, पिलस म्हणजे केस, नॉकम म्हणजे क्षुल्लक वस्तू आणि फ्लॉकस म्हणजे लोकरीचा पुंजका. मी फ्लॉकसचा अर्थ सांगताना म्हणालो की आपल्याकडे लोकर नाही, तेव्हा पऱ्हाटीच्या बोंडात वेचणीनंतर चिकटून राहिलेला, काळपट पडलेला कापसाचा पुंजका डोळ्यांपुढे आणा. मागच्या बाकावर बसलेला एक मुलगा, ज्याच्या घरी आठ एकर वावर आहे, तो चटकन म्हणाला, "गुरुजी, मंग त्याले तं आपन कवडी म्हनतो ना! म्हंजे कवडीमोल ठरोनंच झालं हे." त्याने एका दमात जो अर्थ सांगितला त्यापेक्षा चांगला अर्थ मला कोणत्याही कोशात सापडला नसता. व्यापारी बैलबंडीतल्या कापसात हात घालून, मूठभर वर काढून, त्यातली कवडी दाखवून भाव पाडतो, हे त्या मुलाने दर हंगामात पाहिले आहे. त्या दिवशी मी पुस्तिकेतला छापील अर्थ खोडून त्यावर 'कवडीमोल ठरवणे' असे लिहिले.

'लांब शब्दांची भीती' या अर्थाचा छत्तीस अक्षरी शब्दही पुस्तिकेत आहे : हिपोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडॅलिओफोबिया. तो दोन ठिकाणी दोन वेगळ्या स्पेलिंगने छापला आहे आणि वैद्यकातील मान्य संज्ञा म्हणून दिला आहे. तो अलीकडे कोणीतरी जाणूनबुजून फुगवलेला शब्द आहे. त्यातला मधला तुकडा मात्र जुना आणि खानदानी आहे. सेस्क्विपेडॅलियन म्हणजे शब्दशः दीड फुटाचे. रोमन कवी होरेस याने बोजड शब्दांना दीड फुटाचे शब्द म्हटले होते आणि दोन हजार वर्षांनंतरही इंग्रजीत लांब शब्दांचे तेच नाव राहिले आहे. पुस्तिकेने हे एक वाक्य दिले असते तर मुलांना ते फार आवडले असते. मी ते सांगतो, आणि त्यांना ते आवडते.

उच्चारांबद्दल थोडक्यात लिहितो. प्रत्येक शब्दाचा उच्चार देवनागरीत दिला आहे ही चांगली सोय आहे, पण तो देणाऱ्याने अक्षरे पाहून लिहिला आहे, कानाने ऐकून नव्हे. त्यामुळे न्यूमोनियाचा 'प्न्युमोनिया', सुडोचा 'प्सुडो' आणि सायकॉलॉजीचा 'प्सायकोलॉजी' झाला आहे. ग्रीकमधून आलेल्या अशा शब्दांतील आरंभीचे पी हे अक्षर इंग्रजीत मुके असते, हा एकच नियम प्रस्तावनेत सांगितला असता तर अनेक चुका टळल्या असत्या. तोंडी परीक्षेत किंवा मुलाखतीत असा उच्चार करणारा मुलगा नाहक ओशाळतो आणि त्यात त्याचा दोष नसतो.

दुसरा भाग वाक्प्रयोगांचा आहे आणि माझी सर्वांत गंभीर तक्रार त्याच्याविषयी आहे. इंग्रजी कागदपत्रांतील ठरावीक शब्दप्रयोग खेड्यातल्या माणसाच्या आयुष्यात परीक्षेपुरते येत नाहीत. ते कर्जाच्या अर्जात, विम्याच्या कागदात, खरेदीखतात येतात आणि त्यांवर सही होते. पुस्तिकेत 'जॉइंटली अँड सेव्हरली' या प्रयोगाचा अर्थ 'एकत्रितपणे आणि कठोरपणे' असा दिला आहे. सेव्हरली आणि सिव्हिअरली या दोन शब्दांत अर्थ लावणाऱ्याची गल्लत झालेली आहे, आणि ही गल्लत मी हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण या तीन शब्दांची किंमत मी स्वतः मोजली आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाने ट्रॅक्टरसाठी कर्ज घेतले, तेव्हा मी आणि त्याचा एक मित्र असे दोघे जामीनदार राहिलो. कागद इंग्रजीत होते. दोघे जामीनदार आहेत म्हणजे वेळ आलीच तर निम्मे-निम्मे भरावे लागेल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ओळीने दोन वर्षे सोयाबीन हातचे गेले, हप्ते थकले आणि संपूर्ण थकबाकीची नोटीस एकट्या माझ्या नावाने आली. निम्म्या रकमेचे विचारायला गेलो तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी माझ्याच सहीच्या वर छापलेल्या या तीन शब्दांवर बोट ठेवले. सेव्हरली म्हणजे वेगवेगळे, प्रत्येक जण स्वतंत्रपणे. शासकीय मराठीत त्याला 'संयुक्तपणे आणि पृथकपणे' म्हणतात. साध्या बोलीत सांगायचे तर सगळे मिळून देणे लागतात आणि त्यांतला प्रत्येक जण एकटाही पूर्ण देणे लागतो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि कलम १४६ प्रमाणे सहजामीनदारांनी आपसांत ती सारखी वाटून घ्यावयाची असते. पण ही वाटणी जामीनदारांच्या आपसांतली आहे, कर्ज देणाऱ्याला पूर्ण रक्कम एकाकडूनच मागण्यापासून ती अडवत नाही. माझी सही मागे घेता येण्यासारखी नव्हती. परंतु बचत गटाच्या कर्जावर सही करणाऱ्या आमच्या गावातील बायांच्या हाती अशी पुस्तिका पडली आणि त्यांनी 'कठोरपणे' हा अर्थ वाचला, तर त्यांची वसुली जरा कडक होईल एवढेच त्यांना समजेल. आपल्या एकटीवर सगळ्या गटाचे ओझे येऊ शकते हे समजणार नाही. म्हणून मी चारही प्रतींत हे पान लाल शाईने दुरुस्त केले आहे.

याच भागातील 'एन्कम्ब्रन्स' या शब्दाचा अर्थ 'अडथळा, अडचण' असा दिला आहे. शब्दकोशाच्या दृष्टीने तो अगदीच चूक म्हणता येणार नाही, पण जमिनीच्या कागदात त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे आणि तो सातबारा काढलेल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. वाचनालयात मी हा शब्द समजावत असताना वर्तमानपत्र वाचत बसलेले एक वृद्ध शेतकरी मान वर करून म्हणाले, "बोजा म्हना ना, गुरुजी." सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात कर्जाची जी नोंद चढते तोच हा बोजा. 'हायपोथिकेशन'चेही तसेच. पुस्तिका त्याला 'गहाण' म्हणते, पण गहाण म्हटले की वस्तू सावकाराकडे ठेवली असे आपल्याला वाटते. हायपोथिकेशनमध्ये वस्तू कर्जदाराच्याच ताब्यात राहते, तो ती वापरतो, आणि तिच्यावर हक्क मात्र कर्ज देणाऱ्याचा असतो. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल हप्त्याने घेणाऱ्या प्रत्येकाच्या आरसी बुकावर ही नोंद असते आणि कर्ज फिटल्यावर आरटीओकडे जाऊन लोक 'एचपी उतरवतात', ती एचपी म्हणजे हीच नोंद. अर्थ देणाऱ्याने एकदा एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी बँकेच्या दारात उभे राहून कान दिला असता तर त्याला असे नेमके शब्द फुकट मिळाले असते.

लॅटिन वाक्प्रयोगांची निवड चांगली आहे. 'एक्स ऑफिशिओ' म्हणजे पदसिद्ध, 'अॅड हॉक' म्हणजे तदर्थ, 'प्रायमा फेसी' म्हणजे सकृद्दर्शनी, 'मुटाटिस मुटँडिस' म्हणजे योग्य त्या फेरफारांसह, हे अर्थ शासनाच्या परिभाषेप्रमाणे अचूक आहेत आणि परीक्षेत ते असेच लागतात. 'बोना फायडी'चा अर्थ मात्र 'शाळेचा दाखला' असा दिला आहे. हा दाखला बोनाफाईड या नावानेच आमच्या घराघरांत आहे हे खरे. पण लॅटिनमध्ये त्या शब्दांचा अर्थ 'चांगल्या विश्वासाने', म्हणजे खरेपणाने, असा होतो, आणि हा विद्यार्थी खरोखर आमच्या शाळेचा आहे एवढेच तो दाखला सांगतो. कायद्यात 'बोना फायडी पर्चेसर' असा प्रयोग येतो. तेथे दाखल्याचा अर्थ लावला तर मुलगा पार गोंधळून जाईल. व्यवहारातल्या दोषाची कल्पना नसताना, रास्त मोबदला देऊन, प्रामाणिकपणे खरेदी करणारा तो हा खरेदीदार.

आता त्या अकरा पानांविषयी, ज्यांच्यासाठी मी ही पुस्तिका अजून वाचनालयाच्या पहिल्या फळीवर ठेवतो. ती पाने ज्याने लिहिली त्याला भाषा शिकवण्याची खरी हातोटी आहे; बाकीची पाने त्याच व्यक्तीची असतील असे मला वाटत नाही. प्रत्येक तुकडा, त्याचे मूळ, त्याचा अर्थ आणि त्याच्यापासून झालेले चार-पाच शब्द अशी मांडणी आहे. 'फोर' म्हणजे वाहणे, नेणे हा ग्रीक तुकडा देऊन त्याखाली फॉस्फरस दिला आहे : फॉस म्हणजे प्रकाश, फोर म्हणजे वाहणारा, म्हणून फॉस्फरस म्हणजे प्रकाश वाहून आणणारा. मी मुलांना विचारले की खताच्या पोत्यावर याला मराठीत काय लिहितात. सर्वांनी एका आवाजात स्फुरद म्हटले. स्फुर म्हणजे चमकणे, तेव्हा ज्याने मराठी नाव ठेवले त्याने मूळ अर्थातील प्रकाश जपला आहे, हे त्या दिवशी मलाही नव्याने उमगले. मग आम्ही पोतेच वाचले. डायअमोनियम फॉस्फेट, ज्याला गावात सगळे डीएपी किंवा अठरा-सेहेचाळीस म्हणतात : डाय म्हणजे दोन, अमोनियम हा नत्राचा भाग, फॉस्फेट हा स्फुरदाचा. अठरा टक्के नत्र आणि सेहेचाळीस टक्के स्फुरद, म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात नऊ किलो नत्र आणि तेवीस किलो स्फुरद, हे गणितही त्याच ओघात झाले. ज्या मुलाने आजवर इंग्रजीच्या पुस्तकाला हात लावला नव्हता त्याने दुसऱ्या दिवशी घरून पोटॅशच्या रिकाम्या पोत्यावरचे शब्द वहीत उतरवून आणले.

'फोर' याच तुकड्याखाली इलेक्ट्रोफोरेसिस हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'विजेच्या साहाय्याने कण वाहून नेणे' असा नेमका दिला आहे. सिकलसेलच्या तपासणीत रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्यासाठी हीच पद्धत वापरतात. विदर्भात हा आजार अनेक कुटुंबांत आहे आणि आमच्या अभ्यासिकेतील एका मुलीच्या घरी तसा अहवालच आहे. त्यावरील एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण हे तिला आरोग्यसेविकेने सांगितले होते, पण वरचा पंधरा अक्षरी शब्द काय आहे हे कोणी सांगितले नव्हते. तो तिने स्वतः त्या पानावरून सोडवला.

'साइड' हा तुकडा या पानांवर 'मारणे' या अर्थाने दिला आहे : इन्सेक्टिसाइड म्हणजे कीटकनाशक, फंगिसाइड म्हणजे बुरशीनाशक, हर्बिसाइड म्हणजे तणनाशक. याच शेपटीचा आणखी एक शब्द आमच्या जिल्ह्याच्या बातम्यांत फार वेळा येतो. तो पुस्तिकेत नाही आणि मुलांना तो सांगण्याची गरजही पडली नाही.

फवारणीच्या संदर्भात मात्र पुस्तिकेने हाती आलेली मोठी संधी दवडली आहे. पहिल्या भागात वीस अक्षरी शब्दांत अॅसिटिलकोलिनेस्टरेज हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'एक रसायन' एवढाच आहे. तिसऱ्या भागात 'एज' हा शेवट शरीरातील पाचक किंवा विघटन करणाऱ्या द्रव्याचा, म्हणजे विकराचा, असतो असे स्पष्ट लिहिले आहे. हे दोन धागे कोणी एकत्र आणले नाहीत. अॅसिटिलकोलिन हे द्रव्य मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचवते, आणि निरोप पोहोचल्यावर त्या द्रव्याचे तुकडे करून निरोप थांबवण्याचे काम हा विकर करतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक औषधे नेमका हाच विकर बंद पाडतात. मग निरोप थांबत नाही : तोंडाला फेस येतो, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, श्वास अडतो. रुग्णालयात अॅट्रोपिन देतात ते यावरच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता, हे आमच्या मुलांनी पाहिलेले आहे. डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी, मग पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्रिकोणाजवळच बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे नाव, गट आणि विषावरचा उतारा वाचता आला पाहिजे, आणि बाधा झालेल्या माणसाबरोबर डबाही दवाखान्यात नेला पाहिजे. वीस अक्षरांचा शब्द शिकवण्याचे याहून मोठे कारण मला सुचत नाही, आणि म्हणूनच 'एक रसायन' हे दोन शब्द वाचून मला फार वाईट वाटले.

परीक्षेच्या उपयोगाचे म्हणाल तर पुस्तिका मध्यम आहे. एका शब्दात उत्तर द्या या प्रकारच्या प्रश्नांसाठी तिसरा भाग फार कामाचा आहे, दुसऱ्या भागातील लॅटिन प्रयोगही येतात. पहिल्या भागातील तीस अक्षरांपुढचे शब्द कोणत्याही भरतीत विचारलेले माझ्या पाहण्यात नाहीत आणि ते पाठ करण्यात मुलांनी रात्री घालवू नयेत. शासकीय संज्ञांसाठी भाषा संचालनालयाने तयार केलेले परिभाषा कोश मोबाईलवर विनामूल्य पाहता येतात. पुस्तिकेतील प्रत्येक कायदेशीर अर्थ त्यांच्याशी ताडून पाहावा, आणि सहीचा प्रश्न असेल तर पुस्तिकेवर अजिबात विसंबू नये. १२० रुपये ही किंमत, बांधणी आणि चुका पाहता, मला जास्त वाटते. केवळ अकरा पाने वेगळी छापून तीस रुपयांना दिली असती तर मी वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी एकेक प्रत घेतली असती.

आढळलेल्या त्रेचाळीस चुकांची यादी, पान आणि ओळ घालून, मी प्रकाशकांना स्पीड पोस्टाने पाठवली आहे. त्या चुका छापील पुस्तिकेत सुधारल्या जाईपर्यंत दुरुस्त केलेली एक प्रत वाचनालयात टेबलावरच असते. ज्यांनी ही पुस्तिका आधीच घेतली आहे त्यांनी संध्याकाळी पाचनंतर येऊन आपल्या प्रतीत दुरुस्त्या उतरवून घ्याव्यात. नवीन येणाऱ्या मुलाच्या हाती देताना मी ती मागच्या बाजूने उघडून देतो : पान १६६, जेथे 'टेली' म्हणजे दूर, येथून सुरुवात होते.